निक्स जिंकले, पैसे गेले

(न्यू जर्सीतल्या मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, या हॉलमधल्या बऱ्याच जणांच्या फोनमध्ये बेटिंगचं ॲप असेल, आणि ज्यांच्या फोनमध्ये नसेल त्यांच्या मुलांच्या फोनमध्ये असेल. लाजायचं कारण नाही, इथे ते कायदेशीर आहे. किंबहुना साऱ्या अमेरिकेला ही वाट आपल्याच राज्याने करून दिली. 1992 च्या केंद्रीय कायद्यामुळे नेवाडासारखे मोजके अपवाद सोडले तर राज्यांना खेळांवरच्या सट्ट्याला परवानगी देता येत नव्हती. न्यू जर्सी त्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलं आणि 14 मे 2018 रोजी तो कायदा रद्द झाला. पुढच्या महिन्यात मॉनमथ पार्कच्या रेसकोर्सवर लोक रांगा लावून उभे. गंमत म्हणजे याच राज्यात इथल्याच रटगर्स विद्यापीठाच्या सामन्यावर आजही पैज लावता येत नाही. राज्यातल्या कॉलेजसंघांवर बंदी आहे, आणि 2021 मध्ये ती उठवायची का असं विचारलं तेव्हा मतदारांनीच नाही म्हटलं.

आज बोलायचंय ते एनबीएवरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलवरच्या, पैजेच्या एका जुन्या प्रकाराबद्दल, पॉइंट स्प्रेडबद्दल. समजा आज निक्स विरुद्ध नेट्स आहे, न्यूयॉर्कचेच दोन संघ. निक्स सरस आहेत हे शेंबडं पोरही सांगेल. मग नेट्सवर पैसे लावणार कोण? म्हणून बुकी म्हणतो, निक्स वजा साडेसहा. म्हणजे निक्सवर लावलेत तर त्यांनी निदान 7 पॉइंटने जिंकायला हवं. नेट्सवर लावलेत तर ते जिंकले तरी चालेल आणि 6 ने हरले तरी चालेल. तो अर्धा पॉइंट बरोबरी टाळण्यासाठी. बुकीचा हा आकडा, म्हणजे लाइन, नुसती 6 असती आणि फरकही नेमका 6 चा पडला असता, तर सगळ्यांचे पैसे परत.

ही कल्पना रुजवण्याचं श्रेय साधारणपणे चार्ल्स मॅकनील यांना देतात. गणिताचे मास्तर, नंतर शिकागोत येऊन 1940 च्या दशकात बुकी झाले. महालक्ष्मीला चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, तसाच हा प्रकार. पण एक फरक आहे आणि आजचं माझं सगळं बोलणं त्या फरकावरच आहे. घोड्याला ते वजन जाणवतं. निक्सच्या पोरांना साडेसहाचं ओझं जाणवत नाही. त्यांना सामना जिंकायचाय, 1 पॉइंटने जिंकला तरी तो जिंकलाच. ओझं आहे ते फक्त पंटरच्या, म्हणजे पैज लावणाऱ्याच्या डोक्यावर.

शेवटची वीस सेकंदं बघा. निक्स 5 ने पुढे आहेत, चेंडूही त्यांच्याकडे. नेट्सपुढे एकच उपाय, मुद्दाम फाउल करायचा, घड्याळ थांबवायचं आणि त्याबद्दल निक्सला मिळणारे फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता टाकायचे एकेका पॉइंटचे दोन चेंडू, चुकावेत म्हणून देव पाण्यात ठेवायचे. निक्सचा खेळाडू दोन्ही जाळीत टाकतो. फरक 7. निक्सवाला पंटर सोफ्यावरून उठून नाचतो. नेट्स चेंडू घेऊन धावतात, 4 सेकंदं उरलीत, एक पोरगा तीन पॉइंटच्या रेषेच्याही बराच मागून चेंडू भिरकावतो. त्याला अडवायला कोणी जात नाही. का जावं? अडवताना धक्का लागला तर फुकटचे तीन फ्री थ्रो द्यायचे, शिवाय दुखापतीची भीती. चेंडू जाळीत पडतो, फरक 4. दोन्ही संघ हात मिळवून आत जातात. प्रेक्षक केव्हाच पार्किंगकडे निघालेत. त्या शॉटने सामन्याचा निकाल तसूभरही बदलला नाही, पण लाखो डॉलर या खिशातून त्या खिशात गेले.

या शेवटच्या मिनिटांवर नीट नजर ठेवून एका माणसाने पैसा केला. हॅरालाबोस वुल्गारिस, कॅनडातल्या विनिपेगचा. त्याने हेरलं की बुकी सामन्यातले एकूण अपेक्षित पॉइंट पहिल्या आणि दुसऱ्या हाफमध्ये जवळजवळ निम्मे निम्मे वाटतात. पण शेवटी होणाऱ्या या मुद्दाम फाउलांमुळे दुसऱ्या हाफमध्ये पॉइंट जास्त पडतात. बुकींच्या ध्यानात येईपर्यंत त्याने त्यावर भरपूर कमावलं. पुढे 2018 मध्ये डॅलस मॅव्हरिक्स या एनबीएच्या संघाने त्याला नोकरीच दिली.

आपण वुल्गारिस नाही. आपलं गणित असं: 100 डॉलर जिंकायला 110 लावावे लागतात. तो वरचा दहाचा आकडा म्हणजे बुकीची दलाली. हिशोब करा, नुसतं ना नफा ना तोटा राहायला 52.4 टक्के पैजा बरोबर याव्या लागतात. शंभरात 52 बरोबर आल्या तरी 80 डॉलर खिशातून जातात. 53 आल्या तर 130 मिळतात, तेही 11000 डॉलर फिरवून. आणि त्या 53 चाही भरवसा धरू नका. बास्केटबॉलमधलं काडीचं न कळणाऱ्या 100 माणसांनी नुसतं नाणं उडवून 100 पैजा लावल्या, तरी त्यातल्या 30 एक जणांच्या 53 किंवा जास्त बरोबर येतील. त्यातला प्रत्येक जण पार्टीत तुम्हाला आपली पद्धत समजावून सांगेल.

“पण त्यांची काल रात्री मॅच होती, आज थकलेले असणार.” हे मला दर आठवड्याला कोणीतरी कानात सांगतं. अहो, वेळापत्रक बुकीकडेही आहे. थकवा, घरचं मैदान, कोणाचा गुडघा दुखतोय, हे सगळं सकाळीच लाइनमध्ये येऊन बसलेलं असतं. आणि ज्याला खरंच जमतं, त्याच्या पैजेची मर्यादा ॲपवाले गुपचूप कमी करत नेतात.

आता ओझ्याकडे परत येऊ. खेळाडूला ते जाणवत नाही म्हटलं. पण कोणी पैसे देऊन जाणवून दिलं तर? 1950 मध्ये सिटी कॉलेज ऑफ न्यूयॉर्कने एनसीएए आणि एनआयटी या कॉलेज बास्केटबॉलच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. तसं दुसऱ्या कोणालाच जमलेलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत हा संघ फिलाडेल्फियात टेंपल विद्यापीठाला हरवून रेल्वेने परत आला आणि जिल्हा सरकारी वकील फ्रँक होगन यांच्या माणसांनी त्यातल्या खेळाडूंना ताब्यात घेतलं. सट्टेबाजांनी त्यांना घातलेली गळ ऐकायला किती साधी होती बघा! हरू नका. जिंका, पण कमी फरकाने जिंका. विशीतल्या गरीब घरच्या पोराला यात संघाशी गद्दारी केल्यासारखंही वाटत नाही. सरळ सामना हरायला सांगितलं असतं तर बहुतेकांनी बुकीला हाकलून दिलं असतं. स्प्रेडने मधला रस्ता काढून दिला. त्याच काळात मॅनहॅटन कॉलेजच्या ज्युनिअस केलॉगने 1000 डॉलर नाकारले आणि सरळ प्रशिक्षकांना जाऊन सांगितलं, म्हणून सगळं बाहेर आलं.

असं लबाडीचं खेळणं आकडेवारीत दिसतं का? जस्टिन वुल्फर्स या अर्थतज्ज्ञाने 2006 मध्ये कॉलेज बास्केटबॉलच्या हजारो सामन्यांवरून दाखवलं की मोठ्या फरकाचे फेव्हरिट संघ जिंकतात अपेक्षेइतकेच, पण स्प्रेड गाठण्यात अपेक्षेपेक्षा जास्त वेळा थोडक्यात कमी पडतात. त्याचा अंदाज होता की अशा सामन्यांपैकी सहाएक टक्क्यांत काळंबेरं असावं. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. मग इतर अभ्यासकांनी हरकत घेतली, आणि मला त्यांचं जास्त पटतं. 18 पॉइंटने पुढे असलेला कोच काय करतो? चांगली पोरं बाकावर बसवतो, राखीव खेळाडूंना उतरवतो, चेंडू हातात ठेवून वेळ काढतो. फरक 18 चा 11 होतो, कोणाला पर्वा नसते. बेफिकीर संघ आणि विकला गेलेला संघ, दोघांचा स्कोअरबोर्ड सारखाच दिसतो.

म्हणूनच चोर बहुतेक वेळा सापडतात ते पैशाच्या वाटेने. एनबीएच्या टोरंटो रॅप्टर्स संघातला जोंटे पोर्टर हे एक उदाहरण. 20 मार्च 2024 ला तो तीन मिनिटं खेळला आणि बरं वाटत नाही म्हणून आत गेला. तो ठरावीक आकड्यांपेक्षा कमी पडेल, अशा जोडपैजेवर, म्हणजे सगळे अंदाज बरोबर आले तरच पैसे देणाऱ्या पैजेवर, कोणीतरी 80000 डॉलर लावले होते, आले असते तर 11 लाख मिळाले असते. बेटिंग कंपनीने ती पैज तिथेच गोठवली, आणि एप्रिलमध्ये एनबीएने पोर्टरला तहहयात बाहेर काढलं. आता तुम्हीच सांगा, रॅप्टर्सच्या राखीव खेळाडूवर 80000 डॉलर लावणारा माणूस कोणाच्या डोळ्यांत भरला नसता?

विचारा आता, कोणाला काही विचारायचं असेल तर. फक्त उद्याच्या मॅचमध्ये काय लावू, ते सोडून.