केडलस्टनचे चार पंख

श्रोतेहो, नमस्कार. १७१४ ते १८३० या काळात इंग्लंडच्या गादीवर एकामागून एक चार जॉर्ज राजे आले. त्या काळातल्या इमारतींना जॉर्जियन म्हणतात. आज अशाच एका घराबद्दल बोलायचं आहे: डर्बीशायरमधला केडलस्टन हॉल.

१७५९ साली सर नथॅनियल कर्झन यांनी बांधकाम काढलं. घरासमोर मोकळं रान दिसावं म्हणून तिथलं गाव उठवून दुसरीकडे बसवलं. जुनं चर्च तेवढं राहिलं, तेही घराला अगदी खेटून.

आराखडा इटलीचा सोळाव्या शतकातला वास्तुरचनाकार पॅलादिओ याच्या एका न बांधल्या गेलेल्या घरावरून घेतलेला. मधे मुख्य इमारत, चार कोपऱ्यांना चार छोट्या इमारती, म्हणजेच घराचे चार पंख, आणि त्यांना जोडणाऱ्या कमानदार वळणाच्या मार्गिका. मॅथ्यू ब्रेटिंगहॅम आणि जेम्स पेन या वास्तुरचनाकारांनी सुरुवात केली. त्यांच्यानंतरचा वास्तुरचनाकार रॉबर्ट अ‍ॅडम इटलीतले रोमन अवशेष पाहून, रेखाटून नुकताच परतला होता. त्याच्याकडे आधी फक्त बागेतल्या इमारती होत्या, पण बघता बघता सगळं घरच त्याच्या हाती आलं.

उत्तरेच्या दर्शनी खांबांमागे संगमरवरी दालन आहे. स्थानिक अलाबास्टर दगडाचे वीस खांब, प्रत्येक सुमारे पंचवीस फूट उंच. उजेड येतो तो वरून, छतातून. रोमन घराचा मधला उघडा चौक अ‍ॅडमच्या मनात होता. आपल्या वाड्यातला चौक कुणी छत घालून झाकला, तर असंच काहीसं वाटेल. त्यापलीकडे गोल दिवाणखाना, त्यावर बासष्ट फूट उंचीचा घुमट. हा रोमच्या पँथिऑन या प्राचीन घुमटाच्या मंदिरावरून.

माझं मन मात्र दक्षिणेच्या दर्शनी बाजूवर जडलं आहे. तिथं अ‍ॅडमनं रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनची विजयकमानच घराच्या भिंतीत आणून बसवली. उत्तर बाजू नुसती भारदस्त आहे, या भिंतीत हालचाल आहे.

आता राहण्याचं म्हणाल, तर ही सगळी दालनं पाहुण्यांसाठी. कुटुंबाचा मुक्काम बाजूच्या एका इमारतीत आणि स्वयंपाकघर दुसऱ्या टोकाच्या इमारतीत! १७७७ साली प्रसिद्ध इंग्रज लेखक आणि कोशकार सॅम्युअल जॉन्सन इथं आले आणि म्हणाले, हे नगरभवन म्हणून फार छान चालेल. टोमणाच तो. शिवाय चारपैकी दोनच इमारती इथं उभ्या राहिल्या. दक्षिणेकडच्या दोन कागदावरच राहिल्या. चारही पंख पसरले ते कलकत्त्यात.

गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी १७९९ मध्ये तिथं सरकारी निवास बांधायला घेतला. कॅप्टन चार्ल्स वायट यांनी केडलस्टनचा नमुना समोर ठेवला. चारही पंख असल्यानं खोल्यांना चहूकडून वारा मिळाला, आणि कलकत्त्याच्या उकाड्यात ते सोयीचंच होतं. खर्च पाहून लंडनमधले कंपनीचे संचालक मात्र भडकले. काम १८०३ मध्ये पुरं झालं. आपल्याला ते साल वेगळ्याच कारणानं आठवतं: त्याच सप्टेंबरात या वेलस्लींचा धाकटा भाऊ आर्थर असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला.

पुढे १८९९ मध्ये याच घराण्यातले जॉर्ज कर्झन व्हाइसरॉय होऊन कलकत्त्याला आले आणि आपल्याच वडिलोपार्जित घराच्या नकलेत राहिले. त्यांनी जमवलेल्या पौर्वात्य वस्तूंचं संग्रहालय आज केडलस्टनमध्ये आहे. १९८७ पासून हे घर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, लोकांना पाहता येतं. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलात, तर आत शिरण्याआधी वळसा घालून दक्षिणेला जा, आणि न बांधलेले ते दोन पंख कुठं आले असते, याचा अंदाज घ्या.