उमेदवाराचा देव आणि पत्रकाराची प्रश्नावली

नमस्कार. निमंत्रणपत्रिकेवर असं छापलंय की निवडणुकीतल्या उमेदवाराला त्याच्या श्रद्धेबद्दल नेमकं काय विचारावं, याची पद्धत आज सांगितली जाईल. सांगतो. पण आधी स्कॉटलंडला जाऊन येऊ. तिथं थोडा वेळ जाईल, आयोजकांनी आत्ताच घड्याळाकडे बघू नये.

फेब्रुवारी 2023. स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुख, निकोला स्टर्जन यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि त्यांच्या सत्ताधारी स्कॉटिश नॅशनल पार्टीत नवा नेता, म्हणजेच पुढचा सरकारप्रमुख, निवडायची वेळ आली. तीन उमेदवार होते. आरोग्यमंत्री हमझा युसुफ, अर्थमंत्री केट फोर्ब्स आणि अ‍ॅश रीगन. तिसरं नाव आजच्या विषयापुरतं बाजूला ठेवू. युसुफ मुस्लिम. फोर्ब्स या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड नावाच्या छोट्या, कर्मठ ख्रिस्ती पंथाच्या. त्यांचे आईवडील मिशनच्या कामासाठी भारतात होते, बालपणाचा काही काळ त्यांनी आपल्याकडे काढलाय. बाई हुशार. 2020 मध्ये आधीच्या अर्थमंत्र्यांना अर्थसंकल्पाच्या दिवशीच सकाळी राजीनामा द्यावा लागला, तेव्हा काही तासांच्या सूचनेवर 29 वर्षांच्या फोर्ब्स उभ्या राहिल्या आणि तो मांडून मोकळ्या झाल्या.

20 फेब्रुवारीला फोर्ब्स यांनी उमेदवारी जाहीर केली. पहिल्याच दिवशी प्रश्न आला: 2014 मध्ये तुम्ही संसदेत असता तर समलिंगी विवाहाच्या बाजूनं मत दिलं असतं का? त्या म्हणाल्या, नसतं दिलं. पण आता तो कायदा आहे, लोकांचा हक्क आहे आणि तो मी राखेन. या उत्तराच्या दुसऱ्या अर्ध्याला मथळ्यात जागा मिळाली नाही. एक-दोन दिवसांत त्यांना पाठिंबा दिलेल्या काही सदस्यांनी तो मागं घेतला. मग पुढचा प्रश्न, लग्नाशिवाय मूल होण्याबद्दल. त्यांनी त्याचंही सरळ उत्तर दिलं. (त्याच्या पाच-सहा महिने आधीपर्यंत ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या बोरिस जॉन्सन यांचं तिसरं लग्न 2021 मध्ये थेट वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये लागलं, त्या जोडप्याचं पहिलं मूल तेव्हा वर्षाचं होतं. कॅथलिक चर्चमध्ये हे कसं चालतं, यावर दोन दिवस गमतीदार मजकूर आला. जॉन्सन यांची पापाबद्दलची मतं विचारायला मात्र कुणी गेलं नाही. बहुधा उत्तर लांबलं असतं.)

आता तारखा नीट लक्षात घ्या, माझा सगळा मुद्दा तारखांवर उभा आहे. फोर्ब्स निवडून आल्या 2016 मध्ये. म्हणजे 4 फेब्रुवारी 2014 ला तो कायदा 105 विरुद्ध 18 मतांनी मंजूर झाला, तेव्हा त्या सभागृहात नव्हत्याच. युसुफ सदस्य होते, मंत्रीही होते. नोव्हेंबर 2013 मध्ये पहिल्या टप्प्याला त्यांनी बाजूनं मत दिलं होतं. अंतिम मतदानाला ते गैरहजर होते. त्यांचं म्हणणं असं की पाकिस्तानात ईशनिंदेसाठी फाशीची शिक्षा झालेल्या एका स्कॉटिश नागरिकाबद्दल वकिलातीत बैठक होती. कारण लहान नाही, हे मान्य करायला हवं. पण ते विधेयक नेणारे तेव्हाचे मंत्री अ‍ॅलेक्स नील यांनी 2023 च्या या निवडणुकीदरम्यान जाहीरपणे सांगितलं की मशिदीकडून दबाव असल्यानं युसुफ यांनी मतदान टाळण्याची परवानगी मागितली होती. युसुफ यांनी ते नाकारलं.

खरं कोण, हे आपण इथं बसून ठरवू शकत नाही. बातमीचं वजन कसं पडलं, एवढं बघू. दिलंच नव्हतं अशा मताची बातमी मोठी झाली आणि द्यायची संधी असून न दिलेल्या मताची छोटी. पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की उमेदवाराच्या नोंदी आधी बघा, मनातलं मागून. इथं ते उलटं झालं. युसुफ यांना विचारलंच नाही, असं मी म्हणत नाही, विचारलं. पण त्यांनी सांगितलं की समान विवाहाला माझा पाठिंबा आहे आणि धर्म हा माझ्या कायदे करण्याचा आधार नाही. बहुतेक ठिकाणी तिथं विषय मिटला. फोर्ब्स यांचा विषय पाच आठवडे चालला. 27 मार्चला निकाल लागला, शेवटच्या फेरीत: युसुफ 52.1 टक्के, फोर्ब्स 47.9. युसुफ यांनी पदाच्या अधिकृत निवासस्थानी, रमजानमध्ये, कुटुंबासह नमाज पढतानाचं छायाचित्र प्रसिद्ध केलं, त्याचं भरपूर कौतुक झालं. व्हायलाच हवं होतं. फोर्ब्स यांनी तिथं गुडघे टेकून प्रार्थना केली असती तर त्या छायाचित्राखाली काय छापलं गेलं असतं, याचा अंदाज तुम्हीच करा.

हा प्रश्न बनवतात कसा, तेही बघा. टिम फॅरन जुलै 2015 मध्ये ब्रिटनमधल्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते झाले आणि लगेच चॅनल 4 वर त्यांना विचारलं गेलं, समलिंगी संबंध पाप आहे का? एकाच मुलाखतीत तीनदा. यात करामत अशी की प्रश्न हो-नाहीचा दिसतो, पण उत्तर शास्त्राचं आहे. फॅरन म्हणाले, आपण सगळेच पापी. ख्रिस्ती धर्मशास्त्रात हे अगदी रुळलेलं उत्तर आहे, पण वीस सेकंदांच्या तुकड्यात ते टाळाटाळ दिसतं. टाळाटाळ दिसली की तीच बातमी होते, आणि ती बातमी झाली की पुढचा वार्ताहर तोच प्रश्न घेऊन दारात. 2017 च्या निवडणुकीत पुन्हा तेच. शेवटी फॅरन यांनी कंटाळून सांगितलं, पाप नाही. पक्षाच्या जागा 8 वरून 12 झाल्या आणि 14 जूनला त्यांनी राजीनामा दिला. पक्षाचं नेतृत्व आणि निष्ठावंत ख्रिस्ती जगणं दोन्ही जमेनासं झालंय, हे कारण. पुढच्या जानेवारीत म्हणाले की ते ‘पाप नाही’ म्हटल्याचा पश्चात्ताप होतो. म्हणजे दोन वर्षं प्रश्न विचारून माध्यमांनी मिळवलं काय? एक खोटं उत्तर. 2013 च्या समलिंगी विवाह विधेयकाला फॅरन यांनी दुसऱ्या वाचनाला बाजूनं मत दिलं आणि तिसऱ्या वाचनाला ते गैरहजर राहिले. ही नोंद उघड पडली होती, तिच्यावर खणखणीत प्रश्न करता आला असता. 2017 च्याच निवडणुकीत तेव्हाच्या पंतप्रधान तेरेसा मे यांना हाच पापाचा प्रश्न आला. त्या नाही म्हणाल्या, संपलं. 1998 मध्ये समान संमतीवयाच्या विरोधात आणि 2002 मध्ये समलिंगी जोडप्यांच्या दत्तकविधानाच्या विरोधात मत दिलेल्या त्या होत्या, फॅरन नव्हे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

मग उरलेल्यांचं झरझर सांगतो. माध्यमांकडे प्रश्नांच्या निरनिराळ्या पिशव्या आहेत. कर्मठ ख्रिस्ती उमेदवार आला की पापाची पिशवी. मुस्लिम आला की निष्ठेची. 2016 मध्ये सादिक खान लंडनच्या महापौरपदाला उभे होते तेव्हा ते कुणाबरोबर व्यासपीठावर बसले, हे अखेरपर्यंत विचारलं गेलं. समलिंगी विवाहाच्या बाजूनं मत दिल्याबद्दल त्याच खान यांना धमक्या आल्या होत्या, ते मागं पडलं. हिंदू आला की पणत्यांची पिशवी. ऋषी सुनक यांनी खासदारकीची शपथ भगवद्गीतेवर घेतली, ऐन दिवाळीत पंतप्रधान झाले, आणि मजकूर आला तो दिव्यांचा, गणपतीच्या मूर्तीचा. आपण इथं बसून खूश झालो. पण त्यांच्या श्रद्धेला कुणी मत समजलं नाही, सजावट समजलं, हे आपल्या लक्षात आलं नाही. आणि निरीश्वरवाद्याला पिशवीच नाही. सहाय्यित मृत्यूचं, म्हणजे मरणासन्न रुग्णाला आयुष्य संपवायला मदत घेऊ देणारं विधेयक ब्रिटिश संसदेत नोव्हेंबर 2024 मध्ये 330 विरुद्ध 275 नं पुढं गेलं, तेव्हा विरोध करणाऱ्या मंत्री शबाना महमूद यांच्यावर त्या धर्मामुळं विरोध करतात असा शेरा त्यांच्याच मजूर पक्षाच्या एका ज्येष्ठ लॉर्डनं मारला. बाजूनं मत देणारे पंतप्रधान स्टार्मर देव मानत नाहीत, पण त्यांचं मत कुठून आलं हे कुणी शोधलं नाही.

आपल्याकडे आषाढीला मुख्यमंत्री सपत्नीक शासकीय महापूजा करतात, त्याच्या फोटोखाली एकही प्रश्न नसतो. शपथ ईश्वराला साक्ष ठेवून घेतली की गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा केली, याची आपण बातमी करतो ती फक्त एकाच बाजूला. हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, कुणी बोलावलं तर.

आता कबूल केलेली पद्धत. लिहून घ्या, पुन्हा सांगायला वेळ नाही. पहिलं, मुलाखतीआधी उमेदवाराच्या मतदानाच्या नोंदी काढा; बाजूनं, विरोधात आणि गैरहजर असे तीन रकाने, गैरहजेरीचं कारण त्याच दिवशीच्या कार्यक्रमाशी ताडून. दुसरं, येत्या मुदतीत श्रद्धेला भिडणारी कोणती विधेयकं येऊ शकतात ते बघा आणि त्यांवरच विचारा, नऊ वर्षांपूर्वीच्या ‘असता तर’वर नको. तिसरं, पक्षानं व्हिप काढला तर आणि सदसद्विवेकावर सोडलं तर, दोन्ही वेळा काय कराल हे वेगवेगळं विचारा. लोक एकाच उत्तरात दोन्ही गुंडाळतात. चौथं, झालेला कायदा अमलात आणाल का, आणि हे उत्तर मथळ्यात घ्या, सातव्या परिच्छेदात नको. पाचवं, हाच कागद सर्व उमेदवारांपुढे ठेवा, देव न मानणाऱ्यापुढेही. एखादा प्रश्न एकालाच विचारायचा असेल तर त्याचं कारण कागदावर लिहून संपादकाला द्या. लिहिता येत नसेल तर प्रश्न गाळा.

पापाचा प्रश्न कुठं बसतो, असं पुढच्या रांगेतून विचारतायत. उमेदवार स्वतः प्रचारात पापाबद्दल बोलला असेल तर जरूर विचारा. फोर्ब्स बोलल्या नव्हत्या, फॅरनही नव्हते. बाकी प्रश्न चहाच्या वेळी घेऊ, सभागृह सात वाजता दुसऱ्यांना द्यायचंय म्हणे.