मिझुकींची भुतं कुठून आली?

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘शिगेरू मिझुकी : एका मांगाकाराची कारकीर्द’. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. मला या कारकिर्दीबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती आधीच सांगून टाकतो. मिझुकींनी मुलांसाठी भुतं काढली आणि मोठ्यांसाठी युद्ध काढलं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मला ते अजिबात मान्य नाही. हा माणूस जन्मभर एकच काम करत होता. ते कसं, हे दाखवायला मी उभा आहे.

याचा मला इतका त्रास का होतो, तेही सांगतो. मी ज्या ग्रंथालयात जातो तिथे मांगाचं एक कपाट आहे. ते बालविभागात, रंगवायच्या पुस्तकांच्या शेजारी. त्या कपाटात ‘कितारो’ होता, म्हणजे मिझुकींची भुताच्या पोराची चित्रकथा, आणि त्याला लागून त्यांचंच युद्धावरचं ‘सोइन ग्योकुसाई सेयो’ होतं. त्या पुस्तकात एक सैनिक मासे पकडायला जातो. समुद्रात हातबॉम्ब टाकून मासे मारलेत, दोन्ही हात भरलेत, म्हणून एक मासा तो दातांत धरतो. मासा वळवळतो आणि थेट घशात शिरतो. माणूस गुदमरून मरतो. लढाई नाही, शत्रू नाही, शौर्य तर नाहीच. आणि हे पुस्तक आठ वर्षांच्या पोरांच्या हाताला लागेल असं ठेवलेलं! मी तिथल्या मॅडमना पान उघडून दाखवलं. त्या म्हणाल्या, “चित्रांचं आहे ना? मग मुलांचंच.” पुढच्या वेळी गेलो तर त्यांनी ते पुस्तक उचलून इतिहासात, महायुद्धाच्या पुस्तकांत नेऊन ठेवलं होतं. कितारो राहिला खालीच. म्हणजे एक चूक गेली आणि दुसरी आली. माझं म्हणणं, ही दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारीच हवीत, फक्त मोठ्यांच्या कपाटात.

असो. मिझुकींचा जन्म १९२२ चा, ओसाकातला, पण वाढले साकाईमिनातोला. तोत्तोरी प्रांतातलं हे जपानच्या समुद्रावरचं मासेमारीचं बंदर. घरी कामाला एक गरीब म्हातारी यायची, तिला सगळे नोन्नोनबा म्हणत. छतावर डाग पडला तर तो कोणी चाटला, रात्री वाटेवर मागून पावलं वाजली तर ती कोणाची, हे सगळं तिला ठाऊक. ती त्यांना गावातल्या शोफुकुजी मंदिरात घेऊन जायची. तिथे नरकाची चित्रं आहेत, ती हे पोरगं तासन् तास बघत बसायचं. मेल्यावर माणसाचं काय होतं, हा प्रश्न त्यांना तिथे चिकटला तो कायमचा.

आता रबौल. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

१९४३ साली मिझुकींना सैन्यात घेतलं आणि न्यू ब्रिटन बेटावर रबौलला धाडलं. आज तो भाग पापुआ न्यू गिनीत येतो. या सभागृहात कोणाच्या घरी जुन्या फौजी माणसांच्या आठवणी असतील, तर हे लक्षात ठेवा : सिंगापूर पडल्यावर कैद झालेले आपले शिपाई जपान्यांनी मजुरीला याच भागात नेले होते. रबौलजवळ बिटा पाकाची युद्ध दफनभूमी आहे, तिथे भारतीयांच्या कबरी आहेत. मिझुकी ज्या बेटावर चित्रांची स्वप्नं बघत होते, तिथेच आपली माणसं उपासमारीने आणि रोगाने जात होती. मला हे कळलं तेव्हापासून मिझुकींचं पुस्तक मी परक्या युद्धाचं म्हणून वाचू शकत नाही.

तर, बाइएन नावाच्या ठिकाणी पुढची चौकी होती, मूठभर माणसांची. पहाटेचा पहारा मिझुकींचा. उजाडलं की परत येऊन बाकीच्यांना उठवायचं, एवढंच काम. पण उजाडलं आणि झाडांवर पोपटांचा थवा उतरला. हातात दुर्बीण. मिझुकी पोपट बघत राहिले. शत्रू जिकडून येईल तिकडे लावायची दुर्बीण पोपटांवर लागलेली! काही मिनिटं उशीर झाला. उठवायला निघाले तेवढ्यात पाठीमागून गोळीबार सुरू झाला आणि झोपडीतली सगळी माणसं गेली. पोपटांनी एक माणूस वाचवला.

पुढे ते पळाले, समुद्रात उडी मारली, जवळजवळ उघडे असे दिवसरात्र जंगलातून चालले. तळावर पोहोचले तेव्हा त्यांना काय ऐकायला मिळालं? सगळे मेले, तू का नाही मेलास? आणि बंदूक कुठे टाकलीस? पुढे मलेरियाने आडवे असताना हवाई हल्ल्यात डावा हात गेला.

पण या पळण्यातली एक रात्र मला तुमच्यासमोर नीट ठेवायची आहे. काळोखात चालताना अचानक पाऊल पुढे पडेना. समोर काहीतरी होतं, घट्ट झालेल्या डांबरासारखं. ढकललं, हललं नाही. डावीकडून जाऊन पाहिलं, तेच. उजवीकडे, तेच. दमून खाली बसले. थोड्या वेळाने उठले तर वाट मोकळी! आता कोकणातली मंडळी हसताहेत, कारण त्यांना कळलंय. आपल्याकडे हा चकवा. आजी सांगायची ना, चकवा लागला की धावायचं नाही, खाली बसायचं. जपानमध्ये या अडवणाऱ्याचं नाव नुरिकाबे. कुनिओ यानागिता या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने क्युशूच्या किनाऱ्यावरची त्याची नोंद करून ठेवली आहे : काठीने खालच्या बाजूला फटका मारला की तो नाहीसा होतो. नोंद आहे, पण तिच्यात चेहरा नाही. आज ओळखीचा असलेला चेहरा मिझुकींनी दिला. चौकोनी भिंत, बारीक डोळे, खाली दोन आखूड पाय. आज जपानी पोरांच्या डब्यांवर, मोज्यांवर जो गोंडस नुरिकाबे दिसतो, तो रबौलच्या जंगलात मरणाच्या वाटेवर भेटलेला आहे. कितारोच्या गोष्टींत तो कितारोच्या बाजूने लढतो, हेही विसरू नका.

इस्पितळाजवळच्या वस्तीतल्या तोलाई, म्हणजे तिथल्या स्थानिक जमातीच्या लोकांनी त्यांना फळं दिली, खाऊ घातलं, आपल्यात घेतलं. युद्ध संपल्यावर मिझुकी तिथेच राहायला निघाले होते! सैन्यातल्या डॉक्टरने सांगितलं, आधी घरी जाऊन आईवडिलांना तोंड दाखव. ते परत येतो म्हणून घरी गेले आणि १९७१ मध्ये खरंच तिथे परतले. त्या वस्तीतला मित्र तोपेतोरो तेव्हा हयात होता. त्या भेटीबद्दल मला खूप बोलायचं होतं, पण...

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं, मग कारकीर्द भराभर.

परत आल्यावर मासे विकले, चित्रकलेच्या शाळेत गेले. कोबेला भाड्याच्या खोल्यांची इमारत घेतली, ती मिझुकी नावाच्या रस्त्यावर होती, तिथून हे टोपणनाव आलं. खरं आडनाव मुरा. कोबेत ते कामिशिबाईची चित्रं काढायचे, म्हणजे रस्त्यात मुलांना जमवून पुठ्ठ्यावरची चित्रं दाखवत गोष्ट सांगायचा धंदा. टीव्ही येतोय हे दिसू लागलं आणि तो धंदा बसत गेला. मग १९५० च्या दशकाअखेर टोकियो, भाड्याने द्यायच्या मांगांसाठी काम. पैसे तुटपुंजे, प्रकाशक आज आहे तर उद्या नाही. १९६० मध्ये तिथेच कितारो जन्मला. पाया युद्धाआधीच्या एका कामिशिबाईचा, पण घडवला मिझुकींनी. १९६१ मध्ये नुनोएंशी लग्न ठरलं, पाहिल्यापासून पाच दिवसांत उरकलं, आणि त्या बाईंनी हे दारिद्र्य त्यांच्याबरोबर काढलं. १९६४ मध्ये ‘गारो’ हे मांगाचं मासिक निघालं, तिथे जागा मिळाली. १९६५ मध्ये ‘तेरेबी-कुन’ या मांगाला कोदान्शा या प्रकाशनसंस्थेचा पुरस्कार. तेव्हा वय त्रेचाळीस. सहा वर्षांनी धाकटे मांगाकार ओसामू तेझुका विशीतच गाजले होते, हे लक्षात घ्या. १९६८ पासून कितारो टीव्हीवर.

तेझुका आणि दुसरे मांगाकार इशिनोमोरी एकदा रात्र रात्र जागून काम केल्याच्या गोष्टी सांगत होते, तेव्हा मिझुकी म्हणाले, मी तर भरपूर झोपतो. ते दोघे साठीत गेले. मिझुकी त्र्याण्णवाव्या वर्षी, २०१५ मध्ये. इथले जे तरुण चित्रकार रात्री जागतात, त्यांनी हे कृपया मनावर घ्यावं.

आता मुख्य मुद्दा. कितारो कोण आहे? संपलेल्या जमातीतलं शेवटचं पोर. मेलेल्या आईच्या थडग्यातून बाहेर येतो. बापाचं शरीर कुजून गेलंय, उरलाय एक डोळा, तो चहाच्या वाडग्यात अंघोळ करतो आणि पोराला शहाणपण सांगतो. सगळे गेले, एकटा उरला, आणि गेलेले त्याच्या खांद्यावर बसून बोलताहेत. ही बाइएनहून परतलेल्या शिपायाची गोष्ट नाही तर काय आहे? १९६८ मध्येच त्यांनी या कितारोला व्हिएतनामच्या युद्धात नेलं, भुतांसकट. त्यांच्या लेखी सीमा नव्हतीच.

दुसरं, पानं बघा. १९७३ च्या ‘सोइन ग्योकुसाई’मध्ये जंगल, समुद्र, शेवटची हाडं, सगळं ठिपक्या-ठिपक्यांनी, छायाचित्रासारखं भरलेलं. आणि माणसं? दोन रेषांचे, बावळट चेहरे. कितारोमध्ये अगदी हाच हिशोब. जग खरं, आणि त्यात वावरणारे हलके, कधीही पुसले जातील असे.

तिसरं, त्या पुस्तकाच्या शेवटी मिझुकी स्वतः लिहितात की युद्धाचं काढायला बसलं की कारण न कळणारा राग उसळतो, आणि बहुधा मेलेल्यांचे आत्मेच तो आणत असावेत. ज्याने जन्मभर भुतं काढली, त्याचं हे वाक्य मी अलंकार म्हणून वाचत नाही. शब्दशः वाचतो.

त्या म्हातारीवरच्या ‘नोन्नोनबा’ या पुस्तकाला २००७ मध्ये फ्रान्सच्या आंगुलेम चित्रकथा महोत्सवात सर्वोत्तम पुस्तकाचा मान मिळाला. साकाईमिनातोत त्यांच्या नावाचा रस्ता आहे, दुतर्फा भुतांचे कांस्यपुतळे, आणि जवळच्या योनागोच्या विमानतळाला कितारोचं नाव आहे.

दोन्ही पुस्तकं मी आणली आहेत, त्या टेबलावर आहेत. आधी कितारोची पहिली गोष्ट वाचा, लगेच ‘सोइन ग्योकुसाई’ची शेवटची पानं उघडा. मग कोणाला माझं म्हणणं पटलं नाही तर अवश्य भांडा, प्रश्नोत्तरांना अजून पाच मिनिटं आहेत.