तूट मोजायची कोणी?

1 फेब्रुवारी 2021. त्या दिवशी संसदेत मांडल्या गेलेल्या अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत अन्न अनुदानाच्या ओळीत दोन आकडे शेजारीशेजारी छापलेले होते. वर्षाच्या सुरुवातीला केलेला अंदाज होता सुमारे 1 लाख 15 हजार कोटी रुपये आणि सुधारित अंदाज होता सुमारे 4 लाख 22 हजार कोटी रुपये. कोरोनाच्या काळात मोफत धान्य वाटले गेले, हे या वाढीचे एक कारण होतेच. मात्र तिचा बराच मोठा भाग मागच्या वर्षांचा होता. तो खर्च आधीच झालेला होता, धान्यही लोकांपर्यंत पोहोचलेले होते. फक्त केंद्र सरकारच्या तुटीत, म्हणजे खर्च आणि कर्ज वगळता होणारी जमा यांच्यातल्या फरकात, तो कधी मोजला गेला नव्हता.

हे कसे घडत होते, ते नीट पाहण्यासारखे आहे. भारतीय अन्न महामंडळ शेतकऱ्यांकडून हमीभावाने धान्य घेते आणि ते रेशनसाठी अत्यल्प दरात देते. मधला फरक केंद्राने अनुदान म्हणून महामंडळाला द्यायचा असतो. केंद्राने ही रक्कम पूर्ण न देता महामंडळाला राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज घ्यायला लावले, म्हणजे टपाल खात्यात आणि सार्वजनिक भविष्य निर्वाह योजनेत (पीपीएफ) सामान्य माणसांनी साठवलेल्या पैशातून. कर्ज महामंडळाच्या नावावर चढले, व्याज आणि मुद्दल यांचा भार अखेर सरकारवरच राहिला आणि ही तूट (राजकोषीय तूट) मात्र ठरलेल्या टक्केवारीच्या आसपास दिसत राहिली. मार्च 2020 अखेर या कर्जाची थकबाकी सुमारे अडीच लाख कोटी रुपये झाली होती.

2021 मध्ये ही पद्धत बंद करून खर्च थेट अर्थसंकल्पात आणला गेला, आणि 2020-21 च्या तुटीचा सुधारित अंदाज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 9.5 टक्क्यांवर पोहोचला. त्या निर्णयाचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र तुटीला मर्यादा घालणारा 2003 चा कायदा जागेवर असताना इतकी मोठी रक्कम वर्षानुवर्षे हिशेबाबाहेर राहू शकली, हे तितकेच गंभीर आहे.

केंद्राच्या कर्जाला मर्यादा हवी, हा विचार राज्यघटनेतच आहे. अनुच्छेद 292 नुसार संसद कायदा करून ही मर्यादा घालू शकते. 1949 मध्ये संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा संसद असा कायदा करील, एवढेच नव्हे तर तिने तो करावा अशी आपली अपेक्षा आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट सांगितले होते. ती अपेक्षा पूर्ण व्हायला अर्धशतकाहून अधिक काळ गेला. दरम्यान 1955 पासून एक वेगळीच सोय रूढ झाली. रिझर्व्ह बँकेतील सरकारची शिल्लक ठरलेल्या पातळीखाली गेली, की तात्पुरत्या कोषागार हुंड्या (सरकारची अल्पमुदतीची कर्जपत्रे) आपोआप निघत आणि बँक सरकारच्या खात्यात पैसे भरत असे. 91 दिवसांची ही हुंडी मुदत संपताच पुन्हा काढली जाई. तात्पुरती व्यवस्था चार दशके टिकली. 1994 मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात करार झाला आणि एप्रिल 1997 पासून ती थांबली. माझ्या मते वित्तीय शिस्तीच्या आपल्या इतिहासातील हे सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत परिणामकारक पाऊल आहे, कारण पैसा उभा करण्याची सर्वांत सोपी वाट त्याने प्रत्यक्षात बंद केली.

पुढे 2003 मध्ये राजकोषीय उत्तरदायित्व आणि अर्थसंकल्प व्यवस्थापन कायदा झाला आणि जुलै 2004 मध्ये अमलात आला. महसुली तूट, म्हणजे रोजच्या खर्चाला महसूल कमी पडणे, संपवायची, राजकोषीय तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 3 टक्क्यांपर्यंत आणायची आणि रिझर्व्ह बँकेने सरकारचे कर्जरोखे थेट सरकारकडून घ्यायचे नाहीत, हा त्याचा गाभा होता. 2007-08 मध्ये तूट सुमारे अडीच टक्क्यांवर आली. पण त्याच काळात इंधनाच्या किमती दाबून ठेवण्यासाठी तेल कंपन्यांना रोखीऐवजी सरकारी रोखे दिले जात होते आणि ते तुटीत धरले जात नव्हते. पुढच्याच वर्षी जागतिक संकट आले आणि तूट 6 टक्क्यांवर गेली. तीन टक्क्यांचे उद्दिष्ट नंतर आधी 2018 पर्यंत आणि मग 2021 पर्यंत पुढे ढकलले गेले.

हे बदल वित्त विधेयकाच्या वाटेने झाले. 2018 ची दुरुस्ती तर महसुली तुटीचे उद्दिष्टच काढून टाकणारी होती. ज्या वित्त विधेयकात ती होती, ते लोकसभेत गदारोळात, चर्चेविना मंजूर झाले. देशाने स्वतःला घातलेली मर्यादा सैल होत असताना सभागृहात त्यावर एक वाक्यही बोलले जाऊ नये, याचे दुःख वाटते.

येथे जर्मनीचे उदाहरण उपयोगी पडते. तेथे 2009 मध्ये राज्यघटनेतच कर्जावर लगाम घातला गेला आणि संघराज्याची संरचनात्मक तूट (तेजी-मंदीचा परिणाम वगळून मोजलेली) सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.35 टक्क्यांपर्यंत मर्यादित झाली. कोरोनासाठी मंजूर झालेली, पण न वापरलेली 60 अब्ज युरोंची कर्जमुभा सरकारने हवामान निधीकडे वळवली, तेव्हा 15 नोव्हेंबर 2023 रोजी तेथील घटना न्यायालयाने ती कृती रद्द ठरवली. अर्थसंकल्पाची मांडणी विस्कटली आणि वर्षभरात अर्थसंकल्पावरील मतभेदांतूनच आघाडी सरकार कोसळले. हा नियम फार ताठर आहे, त्यामुळे रस्ते आणि पूल यांवरची गुंतवणूक खुंटली, अशी टीका तेथील अनेक अर्थतज्ज्ञ करतात आणि तिच्यात तथ्य आहे. मार्च 2025 मध्ये संरक्षण खर्चाला मोकळीक देणारी दुरुस्ती झाली. पण ती दोन-तृतीयांश मतांनी, उघडपणे वाद घालून झाली.

नियम कडक असावा की लवचीक, या वादात आपण जितका वेळ घालवतो, त्याच्या काही अंशानेही तूट कोण मोजतो, हे विचारत नाही. आपल्याकडे कर्ज घेणारे, तुटीची व्याख्या लावणारे आणि उद्दिष्ट पाळले गेले की नाही हे संसदेला सांगणारे मंत्रालय एकच आहे. 2012 च्या दुरुस्तीने नियंत्रक व महालेखापरीक्षकांना अनुपालन तपासण्याचा अधिकार मिळाला, हे मोठे काम झाले. 2016-17 च्या अनुपालनावरील अहवालात त्यांनी अर्थसंकल्पबाह्य कर्जांकडे स्पष्टपणे बोट दाखवले. पण लेखापरीक्षण वर्ष उलटल्यावर होते. खर्च मांडला जात असताना, अंदाज फुगवलेला आहे की दाबलेला, हे सांगणारी स्वतंत्र संस्था आपल्याकडे नाही. 2003 च्या कायद्याचा फेरविचार करणाऱ्या एन. के. सिंह समितीने 2017 मध्ये अशा राजकोषीय परिषदेची शिफारस केली होती आणि पंधराव्या वित्त आयोगानेही स्वतंत्र संस्थेची गरज मांडली. ती परिषद अजून स्थापन झालेली नाही.

राज्यांच्या बाबतीत मात्र कडकपणा पुरेपूर दिसतो. अनुच्छेद 293 नुसार, केंद्राचे देणे असलेल्या राज्याला नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते. 2022 पासून राज्यांच्या महामंडळांनी घेतलेली, पण राज्याच्या अर्थसंकल्पातून फेडली जाणारी कर्जेही केंद्र राज्याच्या मर्यादेत मोजू लागले. हे योग्यच आहे, कारण ज्याची फेड करदाता करतो, ते कर्ज सरकारचेच. केरळने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि एप्रिल 2024 मध्ये प्रकरण घटनापीठाकडे सोपवले गेले. राज्यावर केंद्राची नजर आहे. केंद्राच्या हिशेबावर तितक्याच अधिकाराने, तितक्याच वेळेवर नजर ठेवणारे कोणी नाही.

2025-26 च्या अर्थसंकल्पाचा अंदाज पाहा. व्याजापोटी सुमारे 12 लाख 76 हजार कोटी रुपये जाणार होते, म्हणजे केंद्राच्या महसुली जमेचा एक-तृतीयांशाहून मोठा भाग. 2026-27 पासून वार्षिक तुटीऐवजी सकल देशांतर्गत उत्पादनाशी कर्जाचे प्रमाण हा मुख्य निकष धरायचा आणि मार्च 2031 पर्यंत ते 50 टक्क्यांच्या आसपास आणायचे, असे सरकारने जाहीर केले आहे. या प्रमाणात कोणती कर्जे धरायची आणि कोणती वगळायची, हे वित्त मंत्रालयाबाहेरच्या संस्थेने, दरवर्षी, अर्थसंकल्प मंजूर होण्यापूर्वी संसदेसमोर लेखी मांडले पाहिजे.