बर्फावरून आलेले लांडगे

मंडळी, लेक सुपीरियरला आपण सरोवर म्हणतो, पण त्याचं पाणी सुमारे 82,000 चौरस किलोमीटरवर पसरलं आहे. महाराष्ट्राच्या पाव भागाहूनही थोडं जास्त. त्याच्या वायव्येला आईल रॉयल नावाचं बेट आहे, 72 किलोमीटर लांब आणि 14 किलोमीटर रुंद. बेट अमेरिकेच्या मिशिगन राज्यात येतं, पण जवळचा किनारा मिनेसोटाचा आणि कॅनडाचा, वीसेक किलोमीटरवर. तिथे अस्वलं नाहीत, शिकारीला परवानगी नाही आणि हिवाळ्यात बेट पर्यटकांना बंद असतं. तिथला मोठा शाकाहारी प्राणी एकच, मूस. हरणांच्या कुळातला हा सगळ्यांत मोठा प्राणी, वजन चारशे किलोच्या घरात. आणि त्याला मारणाराही एकच, लांडगा.

मूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे आले, बहुधा पोहत. खाणारं कोणी नव्हतं, त्यामुळे ते इतके वाढले की 1930 च्या दशकात जंगल ओरबाडून झाल्यावर उपासमारीने मेले. लांडगे आले 1940 च्या दशकाच्या शेवटी. एका कडक हिवाळ्यात किनाऱ्यापासून बेटापर्यंत पाणी गोठलं आणि काही लांडगे त्या बर्फावरून चालत आले. हा बर्फाचा पूल आज लक्षात ठेवा. माझं सगळं बोलणं त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

1958 मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या डरवर्ड ॲलन यांनी तिथे मोजणी सुरू केली. त्यांचा पहिला विद्यार्थी डेव्हिड मेक. पुढे 1970 मध्ये रॉल्फ पीटरसन आले आणि त्यांनी अख्खं आयुष्यच या बेटाला दिलं. एकाच जागी शिकारी आणि सावज यांची इतकी वर्षं सलग नोंद जगात दुसरीकडे नाही. मोजतात कसं? जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत छोटं विमान, चाकांच्या जागी पट्ट्या, गोठलेल्या पाण्यावरच उतरायचं. वरून घिरट्या घालत बर्फातल्या पावलांचा माग काढायचा आणि लांडग्यांचा कळप गाठायचा. उन्हाळ्यात पाठीवर सॅक घेऊन वाटा सोडून जंगलात शिरायचं आणि मेलेल्या मूसची हाडं शोधायची. काम एवढंच, पण ते सहा दशकं न कंटाळता चाललं.

त्या हाडांनी काय सांगितलं पाहा. दाताचा पातळ काप घेतला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, त्यावरून वय कळतं. त्यातून लक्षात आलं की लांडगे मुख्यतः वासरं आणि म्हातारे मूस मारतात; ऐन उमेदीतल्या मूसच्या नादी ते फारसे लागत नाहीत. पुष्कळ म्हाताऱ्यांच्या खुब्याच्या सांध्यात संधिवात दिसला. आणि मला सगळ्यांत विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. ज्यांचं बालपण अन्नाच्या टंचाईत गेलं, त्यांना म्हातारपणी संधिवात जास्त. पहिल्या हिवाळ्यातली उपासमार बारा-पंधरा वर्षांनी हाडात सापडते. तीन वर्षांच्या प्रकल्पात हे कुणाला दिसलं असतं?

आता लांडग्यांकडे येऊ. 1980 मध्ये 50 लांडगे होते, 1982 मध्ये उरले 14. कुत्र्यांचा पार्व्हो विषाणू बेटावर पोचला होता, बहुधा कुणाच्या तरी सोबत आलेल्या कुत्र्याबरोबर. बेटावर कुत्रा आणायला बंदी असतानाही. रोग ओसरला तरी लांडगे पूर्वीसारखे वाढेनात. इकडे मूस वाढत वाढत 1990 च्या दशकाच्या मध्याला दोन हजारांच्या वर गेले. मग 1996 चा भयंकर हिवाळा, भूक आणि अंगावर हजारोंनी चिकटलेल्या गोचिड्या. वर्षभरात सुमारे 500 उरले.

त्यानंतरच्या, 1997 च्या हिवाळ्यात एक नर लांडगा बर्फावरून बेटावर आला. आला हे तेव्हा कुणाला कळलं नाही. तो अंगाने दांडगा होता आणि वय वाढेल तसा फिकट, जवळजवळ पांढरा होत गेला. पुढे विष्ठेतून मिळालेल्या डीएनएने उलगडा झाला की हा बेटावरचा नव्हेच. त्याची 34 पिल्लं झाली. काही वर्षांत बेटावरच्या लांडग्यांच्या निम्म्याहून अधिक जनुकांचा वारसा त्या एकट्याचा होता. एका पाहुण्याने थकलेल्या वंशात नवं रक्त आणलं, पण मग सगळेच त्याचे वंशज झाले आणि पुन्हा सख्ख्यांतच जोड्या जमू लागल्या. पाठीच्या कण्यातले दोष तर आधीपासूनच दिसत होते. पूल वरचेवर लागला असता तर दुसरा पाहुणा आला असता. 1960 च्या दशकात बहुतेक हिवाळ्यांत असा पूल तयार व्हायचा. आता क्वचितच होतो.

आपल्याकडच्या टिपेश्वरच्या त्या तरुण वाघाची आठवण इथे येते. 2019 मध्ये तो शेतं, रस्ते, गावं ओलांडत तेलंगणामार्गे ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. त्याला निदान पाय ठेवायला जमीन होती.

2016 पर्यंत आईल रॉयलवर दोनच लांडगे उरले. बाप आणि लेक, शिवाय एकाच आईची असल्याने सावत्र भाऊ-बहीणही. मोठा वाद झाला. बेटाचा 99 टक्के भाग कायद्याने मानवी ढवळाढवळीपासून राखलेला; तिथे माणसाने लांडगे आणून सोडावेत का? निसर्गाला त्याच्या वाटेने जाऊ द्या, असं म्हणणारे लोक प्रामाणिक होते. मला मात्र ते पटत नाही. विषाणू माणसाच्या कुत्र्याने आणला. 2012 मध्ये तीन लांडगे एका जुन्या खाणीच्या पाणी भरलेल्या खड्ड्यात मेलेले सापडले, तो खड्डाही माणसानेच खणलेला. आणि तापलेल्या हवेने पूल वितळवला, त्यातही आपला हात आहे. इतकं सगळं करून झाल्यावर ऐन वेळी हात मागे घ्यायचा आणि त्याला निसर्ग म्हणायचं, हे मला मान्य नाही. 2018 च्या शरद ऋतूपासून लांडगे आणायला सुरुवात झाली. वर्षभरात 19 आणले.

त्यातले काही कुठून आणले, ते मुद्दाम सांगतो. 2013-14 च्या हिवाळ्यात सुपीरियर जवळजवळ पूर्ण गोठलं. आईल रॉयलवर तेव्हा कुणी आलं नाही, उलट एक तरुण मादी तिथून निघाली आणि मिनेसोटात छऱ्याच्या बंदुकीने मारली गेली. पण त्याच बर्फावरून सरोवराच्या दुसऱ्या भागात लांडगे मिशिपिकोटेन बेटावर पोचले. तिथे कॅरिबू होते, म्हणजे उत्तरेकडचे रेनडिअर. 1980 च्या दशकात मोजकेच आणून सोडलेले, वाढून काही शे झालेले. लांडग्यांची सवय नसलेला कळप तो. चार हिवाळ्यांत त्याचा जवळजवळ फडशा पडला. उरलेल्यांतले काही 2018 च्या जानेवारीत हेलिकॉप्टरने उचलून दुसऱ्या बेटांवर न्यावे लागले. मग खायलाच काही उरलं नाही तेव्हा लांडगे उपाशी मरू लागले. त्यांतलेच काही 2019 च्या मार्चमध्ये पकडून आईल रॉयलला आणून सोडले. एका बेटावर ज्यांच्यापायी कॅरिबू संपत आले, तेच दुसऱ्या बेटावर हवे होते. म्हणून लांडगा चांगला की वाईट, हा प्रश्न मला विचारू नका. बेट कोणतं, तिथे कोण राहतं आणि पाण्यापलीकडून येण्याजाण्याची वाट किती वेळा उघडते, हे विचारा.

आणलेल्यांपैकी एक मादी 2019 च्या जानेवारीत, बर्फ जमताच, चालत मिनेसोटाला परत गेली. बाकीच्यांपैकी काही मेले, जे टिकले त्यांना पिल्लं झाली, नवे कळप बनले. तेव्हा मूस पुन्हा 2,000 च्या वर गेले होते आणि बाल्सम फर या सूचिपर्णी झाडाची रोपं डोकं वर काढायच्या आत खुडली जात होती. पुढच्या वर्षांत मूस झपाट्याने घटले.

2021 मध्ये साथीमुळे हिवाळी मोजणी झाली नाही. सहा दशकांतला तो पहिला खाडा. 2024 मध्ये हिवाळा इतका उबदार गेला की विमान उतरवण्याइतका भरवशाचा बर्फच सापडेना आणि मोजणी अर्धवट सोडून माणसांना परत यावं लागलं. हाती आलेल्या नोंदींवरून आकडा निघाला तो असा: 30 लांडगे, 840 मूस.