वढवाणाचे हंस, उत्तरेची घरटी

[दृश्य: पहाट, वढवाणा तलावाचा बांध]

डभोई तालुक्यातील वढवाणा तलाव बडोदा संस्थानाने १९१० साली शेतीच्या पाण्यासाठी बांधला. पक्ष्यांचा विचार तेव्हा कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. आज मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येणाऱ्या ऐंशीहून अधिक जाती येथे हिवाळा काढतात, आणि २०२१ साली तलावाला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. बडोद्याच्या दांडिया बाजारातून अंधारातच निघालेली ही मराठी मंडळी दुर्बिणी सावरून बांधावर थांबली आहेत, ती मुख्यतः एका पक्ष्यासाठी.

[दृश्य: काठावर चरणारा थवा, जवळून]

हा पट्टकादंब, हंसाची एक जात. पांढऱ्या डोक्याच्या मागील बाजूस दोन काळे पट्टे असल्याने तो दुरूनही ओळखू येतो. चोच तिरपी करून तो गवताचे पाते धरतो, मानेला हिसका देऊन तोडतो आणि पाऊल न उचलताच शेजारच्या पात्याकडे वळतो. थंडी ओसरताना सुरू होणाऱ्या परतीच्या प्रवासाची शिदोरी तो येथेच अंगावर चढवतो.

[दृश्य: थव्याचे उड्डाण]

हा प्रवास हिमालय ओलांडून होतो. उपग्रहाद्वारे मागोवा घेतलेल्या पट्टकादंबांपैकी एकाची ७,२९० मीटर उंचीवर नोंद झाली आहे. त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट पकडते, उड्डाणाच्या स्नायूंत केशवाहिन्यांचे दाट जाळे असते, आणि तो सरळ रेषेत उंच न राहता डोंगर चढेल तसा चढतो, दरी येईल तसा खाली उतरतो. रात्रीची आणि पहाटेची थंड हवा अधिक दाट असल्याने पंखांना आधार मिळतो. कठीण चढाईसाठी त्यातील बरेच पक्षी तीच वेळ साधतात.

[दृश्य: नकाशा]

त्याची वीण लडाख, तिबेट, चीनमधील चिंघाई सरोवर आणि मंगोलिया येथे होते. कोल्ह्यासारख्या शिकाऱ्यांपासून अंडी वाचावीत म्हणून तो बहुधा सरोवरातील बेटांवर घरटी करतो. तिबेटच्या पठारावरील अनेक सरोवरे वाढलेल्या पावसाने आणि वितळत्या हिमनद्यांच्या पाण्याने गेल्या काही दशकांत विस्तारली आहेत. सखल बेट पाण्याखाली गेले, तर त्यावरील विणीची जागाही जाते.

विणीच्या जागा सरकणे ही केवळ शक्यता राहिलेली नाही. युरोपात वीण करणाऱ्या पक्ष्यांची क्षेत्रे सुमारे तीस वर्षांत सरासरी २८ किलोमीटर उत्तरेकडे सरकल्याचे २०२० च्या पक्षी-नकाशासंग्रहात नोंदले आहे. नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांवर वीण करणाऱ्या गुलाबी पायांच्या हंसांनी तर सुमारे हजार किलोमीटर दूर, पूर्वी कडाक्याच्या थंडीचे असलेल्या रशियाच्या नोवाया झेमल्या या बेटांवर नवी वसाहत केली, आणि तो मार्ग ते दुसऱ्या जातीच्या हंसांच्या सोबतीने शिकले असावेत, असे अभ्यासक मानतात. पट्टकादंबाला इतकी मोकळीक असेलच असे नाही, कारण उत्तरेला किंवा अधिक उंचावर सरकायचे तर तेथेही बेटे असलेले सरोवर आणि काठाला चराऊ गवत लागते. ते न मिळाल्यास पिल्ले कमी जगतील.

[दृश्य: कालव्याचा दरवाजा, उघडा पडलेला काठ]

उत्तरेतील सरोवरांची पातळी बडोद्याच्या हाती नाही. वढवाणाची मात्र आहे. रब्बीसाठी पाणी सोडताना हंस परतीला निघेपर्यंत काठाचा उथळ, गवताळ पट्टा ओला राहावा, एवढी तजवीज आवर्तनाच्या वेळापत्रकात करता येण्यासारखी आहे.