बीएचपीचा आकडा शेवटी विचारा

जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती बीएचपी, म्हणजे ताकद किती? आज मी तो प्रश्न रांगेत सगळ्यात मागे उभा करणार आहे. आधी वजन, मग गिअरबॉक्स, मग जागा.

त्याही आधी एक विनंती. मूळ इंजिन खरंच संपलंय का, हे खोलून बघितल्याशिवाय ठरवू नका. धूर मारतंय, ऑइल खातंय, पिकअप गेलाय, एवढ्यावर कुठलंही इंजिन मोडीत निघत नाही. कॉम्प्रेशन तपासा, बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजा. ब्लॉकला तडा नसेल आणि बोअर वाढवायला किंवा स्लीव्ह (आतून नवी नळी) घालायला वाव असेल, तर ते पुन्हा उभं राहतं. ज्यांना मूळ इंजिन नंबराचीच गाडी हवी आहे, त्यांच्यापुरतं माझं व्याख्यान इथेच संपलं.

आता वजन. एमजीबी ही १९६२ साली आलेली छोटी स्पोर्ट्‌स कार, तिचं १.८ लिटरचं चार सिलिंडर इंजिन ओतीव लोखंडाचं. १९६७ मध्ये कंपनीनंच त्या बॉडीत सहा सिलिंडरचं २९१२ सीसीचं लोखंडी इंजिन घातलं आणि तिला एमजीसी म्हटलं. इंजिन मावेना म्हणून बोनेटला फुगवटा आला, पुढचं सस्पेन्शन बदलावं लागलं. नाक जड झालं. स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जायला बघते, अशी टीका झाली आणि १९६९ मध्ये एमजीसी बंद पडली.

मग १९७३ मध्ये त्याच बॉडीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ बसलं. सिलिंडर दुप्पट, पण ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, त्यामुळे वजन मूळ चार सिलिंडरच्या आसपासच राहिलं. कार्ब्युरेटर मागे सरकवले, म्हणून बोनेटला हातही लावावा लागला नाही. गंमत म्हणजे हे इंजिन मुळात ब्युइकचं, १९६१ सालचं. जनरल मोटर्सनं ते बंद केलं, रोव्हरनं १९६५ मध्ये त्याचे हक्क घेतले आणि पुढे तीस वर्षांहून जास्त काळ वापरलं.

पण त्या गाडीतही गिअरबॉक्स जुन्याच घराण्याचा होता आणि व्ही-८चा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, त्याला जेमतेम झेपायचा. म्हणून नंतर ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) फक्त टॉप गिअरवरच चालेल असं करून टाकलं. गिअरबॉक्स फुटतो तो टॉर्कनं, बीएचपीनं नव्हे. तेव्हा आधी टॉर्क विचारा, आणि गिअरबॉक्स किती सोसतो तेही. डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारा शेवटचा गिअर, विसरू नका. एमजीबीचं ३.९चं गुणोत्तर व्ही-८मध्ये ३.०७ केलं होतं, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे पाचव्या हिश्शानं कमी. नवं इंजिन जुन्या डिफरन्शियलवर तसंच ठेवलं की हायवेला ते उगाच ओरडत राहतं.

सर्वात सोपा मार्ग म्हणजे त्याच कुळातलं मोठं इंजिन. मॉरिस मायनरमध्ये तिच्याच कुळातलं १२७५ सीसीचं ए-सीरिज इंजिन घालतात ते याच कारणानं. मात्र ‘१२७५ आहे’ एवढं ऐकून भाव करू नका. मिनीतलं इंजिन गाडीच्या रुंदीत आडवं असतं आणि त्याचा गिअरबॉक्स ऑइल चेंबरमध्येच बसवलेला असतो, त्यामुळे ते मायनरमध्ये जसंच्या तसं बसत नाही. एमजी मिजेटमधलं, गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसणारं इंजिन बघा.

कुळाबाहेरचं इंजिन घेतलंत तर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायला मध्ये ॲडॉप्टर प्लेट येते आणि खरी मेख तिथे आहे. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या छोट्या बेअरिंगमध्ये शिरतं. दोन्हींचा मध्य किंचित जरी चुकला तरी बेअरिंग रडायला लागतं, क्लच नीट सुटत नाही आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी जातो. क्रँकशाफ्टवर डायल गेज बांधा, हातानं फिरवा आणि बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) कडेवर सुई किती हलते ते बघा. कंटाळवाणं काम आहे. पण करायलाच हवं.

जागेसाठी इंजिन तयार होईपर्यंत थांबू नका. रिकामा ब्लॉक, वर हेड आणि बाजूला मॅनिफोल्ड लावून आत उतरवा. ऑइल चेंबरचा खोल भाग पुढे आहे की मागे, याच्यावर अर्धं भवितव्य ठरतं, कारण तो नेमका क्रॉसमेंबरवर, म्हणजे गाडीच्या खालच्या आडव्या तुळईवर, येऊन टेकतो. दुसरी अडचण स्टिअरिंगच्या शाफ्टची. एक्झॉस्ट त्याला खेटून जाता कामा नये. बोनेटसाठी एअर क्लीनरवर मऊ मातीचा गोळा ठेवा, बोनेट अलगद बंद करून उघडा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा. इंजिन ताण आल्यावर माउंटिंगवर हलतं, तेव्हा बोटभर तरी जागा राहू द्या.

कार्ब्युरेटरवाल्यांना इथे सुटी. फ्युएल इंजेक्शनवाल्यांनी थांबा. जुन्या पंपाचा दाब अर्ध्या बारलाही पोचत नाही, इंजेक्शनला साधारण तीन बार लागतात. जुन्या टाकीत आडपडदे नसतात, त्यामुळे वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि गाडी झटके देते. म्हणून मूळ टाकी आणि इंजेक्शनचा पंप यांच्यामध्ये छोटी टाकी बसवावीच लागते. आणि इंजिन सुटं घेण्यापेक्षा ते ज्या गाडीत आहे ती अख्खी, चालू अवस्थेत घ्या. वायरिंग कापलेलं नको. ईसीयू (इंजिनाचा संगणक), इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) आणि किल्ली एकाच गाडीच्या हव्यात, नाहीतर इंजिन नुसतंच फिरत राहील, चालू होणार नाही.